फ्लॅश वर, शिव्या तोंडावर

भप्पकाका माणसाच्या तोंडावर कधी फ्लॅश मारत नसत. फ्लॅश वर आणि शिव्या तोंडावर, अशी त्यांची पद्धत होती. बारसं असो, साखरपुडा असो, सत्यनारायण असो, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची मान मोडल्यासारखी वर वळलेली असायची आणि काकांचा आवाज आमच्यावर. "हलू नको! लूम आहेस का सारखं खडखडायला?" "तुम्ही हो, टोपीवाले, नवऱ्यामुलापेक्षा पुढे कुठे येता? लग्न तुमचं आहे का?" मग वर कुठेतरी भप्प व्हायचं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सायीसारखा मऊ उजेड उतरायचा. त्या आवाजावरून चाळीतल्या पोरांनी त्यांना भप्पकाका केलं. त्यांना ते नाव आवडायचं नाही. आवडायचं नाही म्हणूनच ते टिकलं.

भिवंडीत कामतघरला आमची बैठी चाळ होती आणि त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून. काका एका सायझिंगमध्ये, म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ देतात तिथे, कारकून होते. फोटो हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. कॅमेरा रशियन, दुसऱ्याने वापरलेला, हातात घेतला तर वीट घेतल्यासारखं वाटायचं. फ्लॅश वेगळा. त्यात चार पेन्सिल सेल घालायचे. चालू केला की कानाशी डास यावा तसा बारीक आवाज करत तो भरत जायचा आणि मागे नारिंगी दिवा लागला की तयार. दिवा लागायच्या आत कोणी हसलं तर काका म्हणायचे, "ठेव, ठेव. आत्ताच सगळं हसू संपवू नकोस."

मी चौथीनंतर शाळेत गेले नाही. आई लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला कारखान्यात जायची, पाठचा भाऊ लहान होता, घरात कोणीतरी लागायचं. रविवारी सकाळी काकांच्या ओट्यावर जी शाळा भरायची तीच माझी पाचवी. बँकेतले एक साहेब, हायस्कूलचे एक सर, एक कापडवाले शेठ असे हौशी लोक आपापले कॅमेरे घेऊन यायचे. मी आमच्या ओट्यावर त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. मला कोणी काही विचारत नसे आणि मीही विचारलं नसतं, पण ऐकायला कोणाची ना नव्हती.

"तोंडावर बॅटरी मारतो तो पोलीस," काका सांगायचे. "आपण पोलीस नाही. समोरून मारलंत की नाक सपाट, कपाळ तेलकट, रंग पार धुतलेला, आणि मागच्या भिंतीवर काळं भूत. माणसाचा फोटो काढायचा आहे की भुताचा?" भूत म्हणजे सावली. उजेड आधी वर पाठवायचा, तिथून तो पसरून खाली येतो, असं त्यांचं सांगणं. वर पाठवता येत नसेल तर फ्लॅशवर पांढरा रुमाल टाका, किंवा शर्टाच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा रबराने बांधा. आणखी एक त्यांचं नेहमीचं. "अंतर दुप्पट झालं तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. मागच्या रांगेतली माणसं काळी दिसतात ती जन्माने नव्हेत, तुमच्या आळसाने. जवळ जा!"

एकदा बँकेतल्या साहेबांनी सासुरवाडीचा फोटो आणला. सासूबाई स्पष्ट आणि बाकी अर्धा फोटो काळाकुट्ट. काकांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला. "साहेब, सासऱ्यांना का बुडवलंत? काही वाद आहे का?" साहेब लाजले. कॅमेऱ्याच्या आत कापडाचे दोन पडदे असतात, पडद्याच्या वेगाची चकती तीसच्या पुढे गेली की फ्लॅश उडतो तेव्हा पडदा अर्धाच उघडलेला असतो. "पडदा पूर्ण उघडल्याशिवाय नाटक सुरू करायचं नाही," काका म्हणाले. "तीस! भिंतीवर लिहून ठेवा, तीस!" मी तांदळात बोटाने तीस लिहिलं आणि पुसलं.

त्यांचंही चुकायचं. एका हळदीला मंडपाचं वरचं कापड लालभडक होतं. काकांनी सवयीने फ्लॅश वर वळवला. रंगीत रोल धुऊन आला तर नवरदेवापासून वाढप्यांपर्यंत सगळे असे लाल, की जेवणाआधीच बाटल्या फुटल्या असाव्यात. नवरदेवाचे वडील फोटो घेऊन भांडायला आले. "आमचा पोरगा थेंब घेत न्हाय हो!" काका म्हणाले, "मंडप लाल आहे, मी काय करू? उजेड ज्याला शिवतो त्याचा रंग घेतो." भांडण झालं, पण तेव्हापासून काका स्वतःचं पांढरं कापड बरोबर नेऊ लागले. भिवंडीत कापडाला काय तोटा! पण लूमवरून उतरतं ते कोरं कापड पिवळट असतं, त्यावरून येणारा उजेडही पिवळा येतो. म्हणून काकांनी आपलं लग्नातलं पांढरंशुभ्र धोतर काढलं. चाळीतल्या खोल्यांना वर काळे पडलेले पत्रे, त्यामुळे घरातही ते धोतर दोऱ्यांनी वर ताणून बांधायचे आणि त्यावर भप्प करायचे. काकू म्हणायच्या, "त्या धोतरात माझं लग्न लागलं, आता गावभरच्या पोरींची लागतायत."

काकूंचं बोलणं खरं होतं. दाखवायचे फोटो काढायला मुली काकांकडेच यायच्या. मी मात्र आधी तिथे गेले नव्हते, आणि माझा राग तिथून सुरू होतो.

मी काळी आहे. सावळी, गव्हाळ असलं काही नाही, काळी. लग्नाचं वय झालं तेव्हा माझ्या चुलत्यांनी मला बाजारातल्या एका स्टुडिओत नेलं आणि फोटोवाल्याला सांगितलं, "जरा जोरान मारा, पोरगी उजल दिसली पायजे." त्याने पावडर लावून समोरून असा फ्लॅश मारला की माझ्या डोळ्यांपुढे बराच वेळ हिरवं-जांभळं दिसत राहिलं. फोटो आला त्यात पिठाचा गोळा होता आणि गोळ्याला माझे डोळे होते. घरात सगळे खूश. तो फोटो स्थळाकडे गेला, तिकडची माणसं बघायला आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आले आणि मुलाच्या आत्याने पर्समधून फोटो काढून माझ्या गालाशेजारी धरला. कापडाचा नमुना ताग्याला लावून बघतात तसा. "ही कोण आणि ही कोण?" तिने विचारलं. लोक हसले. ट्रे माझ्या हातात होता, मला तोंड झाकायलाही हात नव्हता.

चाळीत भिंती नावाला असतात. ते लोक गेल्यावर काका सरळ आमच्या दारात आले. बाबा खाली बघत बसले होते. पडेल आवाजात म्हणाले, "तुमीच काडा आता एक. जरा फ्लॅश जास्त..." "मी फोटो काढतो, चुना फासत नाही!" काका एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. "पोरीला काय झालंय? काय झालंय तिला? दिसत नाही का तुम्हाला कोणाला?"

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. वर धोतर ताणलं. त्यांची मुलगी शुभा, माझ्याहून थोडी लहान, हायस्कूलात जाणारी, तिने एक दोरी धरली होती. पावडर लावू दिली नाही. "हनुवटी वर. अजून वर. खाली कोणाची चूक पडली आहे का, शोधतेस?" मला हसू आलं आणि भप्प झालं. तो फोटो माझ्याजवळ आहे. त्यात मी काळी आहे, गालाच्या हाडावर उजेड आहे, डोळ्यांत हसू आहे, आणि मागे भिंतीवर काही नाही, नुसती भिंत. बाबांनी बघितला आणि म्हणाले, "काली आली."

"काळी आली नाही," काका म्हणाले. "काळी आहे. आणि चांगली आहे. ज्याला काळी बघायची नाही त्याने यायचंच कशाला? पोहे वाचतील."

तो फोटो पाठवायला बाबांचा हात धजत नव्हता, पण स्टुडिओतला पाठवायची सोय राहिली नव्हती. खूप ठिकाणांहून तो परत आला. माझ्या बरोबरीच्या मुलींची पोरं चालायला लागली. पण कोणी दारात येऊन पुन्हा माझ्या गालाला कागद लावला नाही. मग टेमघरहून एक स्थळ आलं. मुलाची आई आल्याआल्या फोटो काढून बघू लागली, तशी मी उंबऱ्यातच थांबले. तिने फोटो बघितला, मला बघितलं, फोटो पिशवीत टाकला आणि म्हणाली, "हीच हाय. चला, पोहे आना." त्या माझ्या सासूबाई. तो क्षण मला काकांनी दिला असं मी मानत होते. माझ्यासाठी काका देवाच्या खालोखाल होते. म्हणून पुढचं अजून जळतं.

शुभा माझ्याइतकीच काळी होती. काकाही काळेच, ती त्यांच्यावर गेलेली. माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी बाळंतपणाला माहेरी आले होते. काकूंनी मला बोलावून शुभाचा फोटो हातात दिला. "बघ गं, किती छान आलाय. नाशिकच्या लोकांना पसंत पडला. उद्या बघायला येतायत. तूही ये मदतीला."

फोटोत शुभा पांढरी होती. नाक सपाट, कपाळ तेलकट, आणि कानामागे भिंतीवर काळं भूत. पाठ करून का होईना, मी त्या ओट्यावर शिकले होते, मला सांगायला कोणी लागत नव्हतं. मी शुभाकडे बघितलं. ती ओट्याकडे बघत हळूच म्हणाली, "बाबांनी समोरून मारला."

काका ओट्यावर बसून लेन्स पुसत होते. मी कधी कोणाला उलट बोलले नव्हते. नवऱ्याशीही मी मान खाली घालून बोलते. पण त्या दिवशी पोटात बाळ आणि छातीत आग घेऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "काका, शुभाच्या मागे भूत उभं आहे."

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते लेन्सच पुसत राहिले. मग म्हणाले, "चार ठिकाणांहून नकार आला, रंजना. तिची आई जेवत नाही."

"माझी आई जेवत होती का?"

"तुझ्या वेळी मी तुझा बाप नव्हतो," काका म्हणाले.

हे वाक्य मी आजवर कितीदा मनात फिरवलं असेल. त्यांना दुखतंय हे कळत होतं मला. पण माझा रागही कमी झाला नाही. मी म्हणाले, "म्हणजे खरेपणा शेजाऱ्याच्या लेकीवर करून बघायचा!" आणि मी घरात निघून आले.

दुसऱ्या दिवशी नाशिकचे लोक आले. काकूंनी शुभाला पावडर लावली होती, मान तशीच काळी राहिली होती. मी आत चहा गाळत होते. शुभा ट्रे घेऊन बाहेर गेली. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. एवढा बारीक आवाज, पण तो मला ओळखू येत होता. मी दारात आले तर मुलाच्या आईने फोटो शुभाच्या गालाशेजारी धरला होता. ही बाई शिकलेली होती, हसली नाही. नुसतं म्हणाली, "फोटोत जरा वेगळी वाटते, नाही?"

शुभाच्या हातात ट्रे होता.

काका उठले. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, पण अगदी हळू बोलले. "फोटो खोटा आहे. मुलगी खरी आहे. खोटा मी काढला, तिला बोलू नका." त्यांनी त्या बाईंच्या हातातून फोटो घेतला आणि फाडला. मुलाचे वडील गडबडीने म्हणाले, "अहो, असू द्या, असू द्या, हल्ली सगळेच तसे काढतात," आणि त्यांनी चहा घेतला. फोटो फाटला तरी चहा घेतला. "कळवतो" म्हणून गेले. कळवणार नाहीत हे त्यांच्या चपलांनाही माहीत होतं.

ही गोष्ट चाळीत सगळ्यांनी काकांच्या बाजूने सांगितली. बघा कसा माणूस, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. माझे बाबासुद्धा म्हणाले, "हिंमत लागते." मीही कदाचित तसंच म्हटलं असतं. पण मी तिथे होते. लोक गेल्यावर शुभाने ट्रे खाली ठेवला, तोंड धुतलं, पावडर निघेपर्यंत धुतलं, आणि ओल्या तोंडानेच वडिलांना म्हणाली, "कबूल करून तुम्ही मोठे झालात, बाबा. मी तिथेच उभी होते."

मग ती म्हणाली, "आता माझा फोटो काढायचा नाही. कधीच."

आणि तिने ते पाळलं. काका दर दिवाळीच्या पाडव्याला सकाळी खोलीत धोतर ताणून बांधायचे. कोणाला काही म्हणायचे नाहीत. फ्लॅश भरत ठेवायचे, तो डासाचा आवाज आमच्या भिंतीतून आईला ऐकू यायचा, नारिंगी दिवा लागायचा. शुभा त्या धोतराखालून वाकून बाहेर जायची आणि ओट्यावर रांगोळी काढत बसायची. संध्याकाळी काका धोतर उतरवून घडी करायचे. काकू सांगायच्या मला. एकदा दिवाळीला माहेरी आले तेव्हा मी ते स्वतः बघितलं, आणि मला दोघांचाही राग आला. अगं, एकदा बस की समोर. अहो, एकदा तोंडाने माफी मागा की, धोतर काय बांधून ठेवता! पण तोंडाने त्यांना फक्त शिव्या देता येत होत्या, आणि शुभाला त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटतं.

ओट्यावरची शाळा हळूहळू बंद पडली. साहेबांची बदली झाली, सरांनी छोटा कॅमेरा घेतला, नुसतं बटण दाबायचं, आत बसवलेला फ्लॅश आपोआप थेट तोंडावर. काका तो हातात घेऊन म्हणाले, "याला मान नाही." वळवायला मानच नाही. आणि कॅमेरा त्यांनी परत दिला, असं बाबा सांगत होते.

शुभा पुढे शिकली, ठाण्याला नोकरीला लागली, आणि बऱ्याच उशिरा तिच्याच ऑफिसातल्या एकाशी तिने लग्न केलं. त्या माणसाने तिला रोज डब्याच्या वेळी बघितलेलं होतं, फोटोची गरज पडली नव्हती. तिने वडिलांना सांगितलं, "या, पण कॅमेरा नको." काका तसे आले. मी त्या लग्नाला होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी मागे बांधायचे, कधी खिशात घालायचे. लग्नाच्या फोटोवाल्याने शुभाच्या तोंडावर समोरून फ्लॅश मारला तेव्हा काकांचा उजवा हात आपोआप वर गेला, बोट मंडपाच्या कापडाकडे. मग त्यांनी तो हात खाली घेतला.

मला राहवलं नाही. "वर मारा!" मी ओरडले. मी, जिला दुकानात उरलेली मोड मागायची लाज वाटते. "वर! छपराकडे! भूत काढताय तिच्यामागे!" फोटोवाला बघत राहिला. नवरा मुलगा हसला. शुभाने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, म्हणजे हो, त्याला सांग. फोटोवाल्याने कुरकुरत फ्लॅश वर वळवला. काका माझ्याकडे बघत नव्हते. मंडप पांढरा होता, एवढं मात्र ते शेजारच्या माणसाला सांगत होते. "पांढरा आहे ना मंडप, चालेल, चालेल."

त्यानंतर काका फार वर्षं राहिले नाहीत. गेले तेव्हा मी टेमघरला होते, निरोप मिळून पोहोचेपर्यंत नेलं होतं. तेराव्याला गेले. खोलीत पाटावर फोटो ठेवला होता, चंदनाचा हार, उदबत्ती. मी नमस्कार करायला वाकले आणि तशीच राहिले. सायझिंगमधून निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या कोणीतरी काढलेला फोटो मोठा करून आणला होता. काकांचे सगळे फोटो शोधले, पण कॅमेऱ्याच्या पुढे ते कधी उभेच राहिले नव्हते, म्हणे. तर तो होता, आणि तो समोरून मारलेला होता. काका पिठासारखे पांढरे. नाक सपाट, कपाळ तेलकट, कानामागे भिंतीवर भलंमोठं काळं भूत. येणारे जाणारे हात जोडत होते आणि एकालाही ते दिसत नव्हतं. एक बाई म्हणालीसुद्धा, "किती छान आलेत, उजळ."

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने जन्मभर याच एका गोष्टीवरून लोकांना शिव्या घातल्या, त्याला तुम्ही हार घालून यातच बसवलंत? मी शुभाला दंडाला धरून बाजूला घेतलं. "हा काढ. दुसरा नसेल तर नुसता दिवा ठेव. समोरून मारलाय गं."

"माहीत आहे," शुभा म्हणाली. "मीच निवडला. माझ्या लग्नातलाही एक होता."

तिचा आवाज अगदी काकांसारखा झाला होता, चढलेला, डोळे ओले आणि आवाज चढलेला. "राहू दे तसाच. त्यांना कळू दे कसं वाटतं ते."

मग ती पाटाजवळ गेली, पदराने काच पुसली आणि हार हाताने एका बाजूला सरकवला. हाराने भूत अर्धं झाकलं गेलं होतं, ते आता पूर्ण दिसायला लागलं.